भूत शोधणाऱ्या मंडळ्या: कशा सुरू झाल्या, कशा वाढल्या, कशावरून फुटल्या

रातवा

भुतांच्या गोष्टींवर इथे धागे पुष्कळ आहेत. भूत शोधायला निघालेल्या माणसांवर मात्र एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. भूत सापडलं म्हणून अशी कुठलीही मंडळी वाढलेली नाही. ज्यांनी रीतसर लिहून ठेवलं, 'आज काहीही घडलं नाही' हेसुद्धा लिहून ठेवलं, त्या टिकल्या. फुटल्या त्या बहुतेक एकाच प्रश्नावरून: आत्म्यांशी बोलतो म्हणणारा माणूस खरा मानायचा की लबाड.

सुरुवात गप्पांतून झाली. १८५५ च्या सुमारास केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले काही जण भुताखेतांवर बोलायला जमू लागले आणि १८६२ मध्ये लंडनला त्याचा 'घोस्ट क्लब' झाला. क्लबने सुरुवातीलाच हात घातला तो डेव्हनपोर्ट बंधूंच्या प्रकरणाला. अमेरिकेचे हे दोघे भाऊ हातपाय बांधून घेऊन एका लाकडी कपाटात बसायचे आणि दारं लागली की आतून वाद्यं वाजायची. पुढे १८७० च्या दशकात क्लब थंडावला आणि १ नोव्हेंबर १८८२ ला पुन्हा उभा राहिला. हा दुसरा अवतार भलताच गुप्त. १९३६ पर्यंत एकूण सभासद ८२, बायकांना मज्जाव. दर २ नोव्हेंबरला जिवंत आणि मेलेल्या सगळ्या सभासदांची नावं पुकारायची, कारण मेला तरी सभासद तो सभासदच. (वर्गणीची व्यवस्था काय होती ते कळत नाही.)

हा क्लब गप्पांचाच राहिला. चौकशी म्हणावी अशी गोष्ट सुरू झाली ती त्याच वर्षी, २० फेब्रुवारी १८८२ ला, 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'मध्ये. अध्यक्ष हेन्री सिजविक, केंब्रिजचे तत्त्वज्ञ. सोबत फ्रेडरिक मायर्स, एडमंड गर्नी आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट. कामाच्या समित्या पाडल्या: विचारसंक्रमणाची एक, संमोहनाची एक, माध्यमांची (म्हणजे आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्यांची) एक, आणि एक खास झपाटलेल्या घरांची. आज जगात जिथे म्हणून चार जण मिळून टीम काढतात, त्या सगळ्यांची ही पणजी.

त्यांची पद्धत बघा. वर्तमानपत्रांतून आवाहन करायचं, पत्रं मागवायची. ऐकीव गोष्टीला किंमत नाही, स्वतः पाहिलेला माणूस हवा. मग शक्य तिथे त्याला प्रत्यक्ष भेटायचं, त्या वेळी घरात आणखी कोण होतं ते शोधायचं, त्या दिवसाची डायरी किंवा पत्र आहे का विचारायचं. अशा सातशेहून जास्त प्रकरणांचे दोन जाडजूड खंड १८८६ मध्ये निघाले. त्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी याहून मोठा खटाटोप मांडला. चारशेवर स्वयंसेवक घरोघर धाडून १७,००० लोकांना विचारलं, की पूर्ण जागे असताना तुम्हाला कधी कोणी दिसलं, स्पर्श झाला, आवाज आला, आणि तिथे प्रत्यक्षात कोणी नव्हतं, असं झालंय का? जवळजवळ दहा टक्के 'हो' म्हणाले. अहवाल १८९४ चा. मरणारं माणूस त्याच सुमारास दूर कुठेतरी कुणाला दिसणं हे निव्वळ योगायोगाने होईल त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर तेव्हापासून वाद आहे, आणि असायलाच हवा.

पण चारशे माणसं बिनपगारी कामाला लावणं ही गोष्ट मला कुठल्याही भुतापेक्षा मोठी वाटते.

पहिली फूट १८८६ ची. विल्यम एग्लिंटन नावाचं एक बडं प्रस्थ होतं, त्याच्या पाटीवर म्हणे आत्मे लिहायचे. सिजविकांच्या पत्नी एलिनॉर यांनी ही हातचलाखी आहे असं छापून टाकलं. बाई गणितातल्या, पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, नंतर सोसायटीच्या अध्यक्षही. त्यांना शब्द मागे घ्यायला लावणारा कोणी जन्मला नव्हता. स्टेन्टन मोझेस आणि त्यांच्यासारखे आत्मावादी सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले. १९३० मध्ये पुन्हा तेच: आर्थर कॉनन डॉइल यांनी 'तुम्ही माध्यमांच्या हात धुऊन मागे लागता' अशा धर्तीची तक्रार करत सोसायटी सोडली. शेरलॉक होम्सचा जन्मदाता आणि पुराव्याच्या कटकटीला कंटाळला!

बाकी प्रतिसादांत.

टिपणवही

झकास धागा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

एक भर घालते. सोसायटीचा माणूस मद्रासलाही येऊन गेलाय. रिचर्ड हॉजसन, १८८४ च्या अखेरीस, थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यारच्या मुख्यालयात. तिच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्कींना महात्म्यांची पत्रं गूढ रीतीने येतात असा दावा होता. हॉजसनने साक्षी घेतल्या, हस्ताक्षरं ताडून पाहिली आणि १८८५ च्या अहवालात सगळं बनावट ठरवलं. पुढे १९८६ मध्ये हॉजसनच्याच सोसायटीच्या नियतकालिकात हस्ताक्षरांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या अहवालाची चिरफाड करणारा लेख लिहिला. शंभर वर्षांनी स्वतःच्याच गाजलेल्या अहवालावर टीका छापायची! तुमच्या कागदाच्या मुद्द्याला हे धरून आहे.

शंकासुर

कागद वगैरे ठीक. वाढीचं कारण मात्र चुकलंय. मंडळ्या वाढल्या त्या वर्तमानपत्रांमुळे, नंतर टीव्हीमुळे.

बोर्ली रेक्टरी घ्या. एसेक्समधलं पाद्र्याचं घर. १९२९ मध्ये तिथल्या स्मिथ दांपत्याने 'डेली मिरर'ला पत्र लिहिलं. मागणी साधी होती: आम्हाला त्या सोसायटीशी गाठ घालून द्या. पेपरने काय केलं? आधी स्वतःचा वार्ताहर पाठवला, मग दोनच दिवसांत हॅरी प्राइसला बोलावून घेतलं. सोसायटी राहिली बाजूला. प्राइस म्हणजे अर्धा संशोधक, अर्धा जाहिरातदार. १९३६ मध्ये केंटमधल्या एका झपाटलेल्या घरातून त्याने बीबीसीवरून थेट प्रक्षेपण केलं होतं. असल्या माणसाच्या हाती घर लागल्यावर ते 'इंग्लंडमधलं सगळ्यात झपाटलेलं' नाही होणार तर काय होणार!

रातवा

शंकासुर, प्राइसबद्दल तुमच्याशी पुष्कळसा सहमत. पण तुम्ही अर्ध्यावर थांबलात, बोर्लीची खरी गंमत १९३७ ची आहे.

त्या वर्षी प्राइसने ते रिकामं घर एका वर्षासाठी भाड्याने घेतलं आणि मे महिन्यात 'द टाइम्स'मध्ये छोटी जाहिरात दिली. झपाटलेल्या घराच्या रात्रंदिवस पाहणीसाठी निरीक्षक हवेत. माणूस जबाबदार, फुरसत असलेला, निर्भय, चिकित्सक आणि पूर्वग्रह नसलेला पाहिजे. साधी उपकरणं हाताळता आली तर उत्तम. घर आडबाजूला आहे, म्हणून स्वतःची मोटार हवीच! यातून ४८ जण निवडले गेले. अनोळखी हौशी माणसांची पाळ्या लावून चालणारी टीम, म्हणजे आज ज्याला आपण लोकल ग्रुप म्हणतो त्याचा साचा हाच. त्यांच्या हातात निळ्या कव्हरची छापील नियमपुस्तिका दिलेली असायची. वस्तूंभोवती खडूने रेघ मारा म्हणजे हलली तर कळेल, ठरावीक वेळी घरभर फेरी मारा, तापमान बघा, जे घडेल ते वेळेसकट नोंदवा.

बऱ्याच निरीक्षकांच्या वाट्याला थंडी आणि उंदीर याखेरीज फारसं काही आलं नाही. पण त्यांनी तेही लिहिलं. १९३९ मध्ये घर जळालं, १९४८ मध्ये प्राइस गेला, आणि १९५६ मध्ये सोसायटीच्याच तिघांनी, म्हणजे डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल यांनी, अहवाल काढून बोर्लीच्या दंतकथेची पार चाळण केली. प्राइसने पुरावा फुगवला, काही ठिकाणी स्वतःच घडवला असावा, इथपर्यंत त्यांचा संशय गेला. त्यावरही पुढे उलट उत्तरं आली. हे सगळं होऊ शकलं ते कागद जागेवर होते म्हणून. गोल्डनीबाई तर प्राइसच्या ओळखीतल्याच होत्या.

जाता जाता: १९३८ मध्ये घोस्ट क्लब तिसऱ्यांदा उभा केला तो प्राइसनेच, आणि या वेळी बायकांना प्रवेश दिला. माणूस वाईट असला तरी कामं सगळीच वाईट करत नाही.

नवखा_नाना

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

विजेरी

सामानावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

प्राइसच्या बॅगेत काय असायचं: मापायची पोलादी टेप, दारं-खिडक्या सील करायला दोरा आणि मेण, थर्मामीटर, कॅमेरा, खडू, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बुटांवर घालायची फेल्टची आवरणं, आणि ब्रँडीची बाटली (बेशुद्ध पडणाऱ्यासाठी, असं तो म्हणायचा). यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू माणसाची लबाडी पकडायला आहे. भूत पकडायला एकही नाही!

आता आजच्या टीमची बॅग उघडा. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं मीटर, जे मुळात घरातलं वायरिंग आणि उपकरणं तपासायला बनवलेलं. व्हॉइस रेकॉर्डर. रेडिओची स्टेशनं भराभर फिरवणारा डबा, त्यातून तुटक शब्द येतात. मीटरचा दिवा लागला की आत्मा आला. अरे बाबा, भिंतीत वायर आहे, खिशात मोबाइल आहे.

आवाजांचं खूळही ऐकण्यासारखं आहे. १९५९ मध्ये फ्रिडरिक युर्गेन्सन हा स्वीडनचा चित्रकार पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत होता, त्यात त्याला माणसांचे शब्द ऐकू आले. पुढे कॉन्स्टन्टिन राउडिव्हने हजारो टेप भरल्या. खरखरीतून शब्द शोधणं हे आपल्या कानांचं कामच आहे. आधी 'यात अमुक म्हटलंय' असं सांगितलं की तेच ऐकू येतं. म्हणून माझा नियम साधा: क्लिप ऐकवताना काय ऐकू येईल ते सांगायचं नाही, प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं. चौघांचे चार वेगवेगळे शब्द आले की खेळ खलास.

फोटोतल्या गोल 'ऑर्ब'विषयी बोलायला नको. लेन्सजवळची धूळ, फ्लॅशचा उजेड.

सांजवात

सगळं भास आणि वायरिंग म्हणून उडवून लावणं सोपं असतं. चेल्टनमचं प्रकरण वाचलंय का कुणी? १८८२ पासून पुढे काही वर्षं एका घरात काळ्या वेषातली, तोंडावर रुमाल धरलेली बाई दिसायची. घरातल्याच रोझिना डेस्पार्ड या मुलीने तिचा माग काढला. ती तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवर होती. जिन्यावर वेगवेगळ्या उंचीवर बारीक दोरे अगदी हलके चिकटवून ठेवले, कोणी अंगाने गेलं तर पडतील असे. ती बाई दोऱ्यांतून गेली आणि दोरे जागच्या जागी. हा वृत्तांत १८९२ मध्ये तुमच्याच त्या सोसायटीने छापला. पाहणारी ती एकटी नव्हती, घरातल्या इतरांनीही पाहिलं होतं.

शंकासुर

दोरे जागच्या जागी राहिले. म्हणजे तिथून कोणी गेलं नाही, असाही अर्थ निघतो.

सांजवात

निघतो ना. पण मग इतक्या जणांना दिसलं काय? मी भूत होतं असं म्हणतच नाहीये. माझं म्हणणं, अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी घाबरून पळून जायच्या ऐवजी दोरे चिकटवते, तारखा लिहिते, घरच्यांना एकेकटं गाठून विचारते. आजच्या टीमपेक्षा तिचं काम सरस आहे. तुमच्या एका ओळीच्या प्रतिसादापेक्षाही.

शंकासुर

मान्य. (दोन्ही.)

अनुस्वार

आत्तापर्यंत वाचनमात्र होते. अशा एका ग्रुपमध्ये काही वर्षं होते, म्हणून आतली बाजू सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

सुरुवात सगळीकडे होते तशीच: तीन-चार मित्र, कुणाच्या तरी घरात काहीतरी विचित्र घडलेलं, एक रात्र जागून काढायची ठरते. पहिल्या रात्री प्रत्येक आवाज भुताचा असतो. पुढे एखादा शिस्तीचा माणूस येतो, तो विचारतो की पाण्याचा पंप किती वाजता सुरू होतो? तिथून खरा ग्रुप सुरू होतो, आणि निम्मे लोक त्याच वेळी कंटाळतात.

लोक येतात कॅमेऱ्यासाठी आणि सोडून जातात ते रेकॉर्डिंग ऐकायची पाळी आली की. एका रात्रीचं रेकॉर्डिंग, गुणिले चार रेकॉर्डर. ते सगळं कोणीतरी बसून ऐकायचं असतं. हे काम करणारी दोन माणसं ग्रुपमध्ये असतील तर ग्रुप चालतो, नाहीतर नुसती फेसबुकची पानं चालतात.

टीव्हीबद्दल शंकासुर यांच्याशी सहमत. अमेरिकेतली 'टॅप्स' ही मंडळी १९९० पासून होती, ऱ्होड आयलंडची. त्यांचे दोन म्होरके दिवसा नळदुरुस्तीची कामं करायचे. २००४ मध्ये त्यांची मालिका आली आणि त्यानंतर गावोगावी त्याच छापाचे काळे टी-शर्ट दिसू लागले. ब्रिटनमध्ये हे २००२ पासूनच सुरू झालं होतं. माणसं आली खरी, पण मालिकेतला तास बघून आली. आठ तासांच्या रात्रीत काही घडत नाही, ही गोष्ट मालिकेत दाखवता येत नाही. मग येतो नवा सभासद आणि पहिल्याच रात्री त्याला थंड हात लागतो.

आमचा ग्रुपही फुटला तो रातवा म्हणतात त्याच मुद्द्यावर. एकांना सोबत 'संवेदनशील' व्यक्ती हवी होती, दुसऱ्यांना नको होती. पैशाचा प्रश्नही होता. घरमालकाकडून पैसे घ्यायचे की नाही? माझं मत पक्कं आहे. एक रुपयाही घेतला की 'इथे काही नाही' हे वाक्य तोंडातून निघेनासं होतं.

आणि एक, जे कोणीच बोलत नाही. फोन करणारा माणूस घाबरलेला असतो. बहुतेक वेळा घरात नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं, किंवा झोप उडालेली असते, किंवा घरातच काहीतरी बिनसलेलं असतं. त्याला मीटर नको असतं, कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यायला हवं असतं. काही ठिकाणी आम्ही कॅमेरे गाडीतून काढलेच नाहीत.

टिपणवही

अनुस्वार, प्रतिसाद फार आवडला. पैशाबद्दल +१.

चिंधी

मला खरंच असा ग्रुप काढायचाय (हसू नका). इथल्या जाणकारांनी सांगावं, पहिल्यांदा कुठल्या घरात जाण्याआधी काय काय करू?

विजेरी

हसत नाही. घरमालकाची लेखी परवानगी आणि एक कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर, या दोन गोष्टी सगळ्यात आधी.

डिटेक्टर का? १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नव्या घरात राहायला आल्यापासून पावलांचे आवाज, अनोळखी आकृत्या, डोकेदुखी, मुलं मलूल, कुंड्यांतली झाडंही मरतायत. कारण निघालं बिघडलेली भट्टी. धूर बाहेर जाण्याऐवजी घरात साचत होता. ती भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही, रंगही नाही, आणि माणूस मरतो. अशा घरात तुम्ही रात्रभर दारं लावून बसणार असाल, तर आधी ते यंत्र घ्या.

दुसरं, अतिमंद ध्वनी (इन्फ्रासाउंड). विक टँडी हा इंजिनिअर कोव्हेंट्रीचा. प्रयोगशाळेत रात्री एकटा असताना त्याला घाम फुटायचा, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. दुसऱ्या दिवशी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. मूळ होतं नवा बसवलेला पंखा, कंपनं सेकंदाला सुमारे १९, म्हणजे कानाला ऐकू न येणारी. पंख्याची व्यवस्था बदलली आणि पाहुणा गेला. निबंध १९९८ चा, आणि छापला कुठे? सोसायटीच्याच नियतकालिकात.

शंकासुर

टँडीची गोष्ट गोड आहे, म्हणून जपून. २००९ मध्ये क्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम बांधलेल्या खोलीत अतिमंद ध्वनी आणि चुंबकीय क्षेत्र सोडून लोकांना बसवलं. विचित्र अनुभव पुष्कळांना आले, पण यंत्र चालू की बंद याच्याशी त्यांचा संबंध जुळला नाही. अशा खोलीत विचित्र काही जाणवेल असं आधी सांगितलं होतं, तेवढं पुरलं. 'भूत नाही, इन्फ्रासाउंड आहे' असं ठोकून देणंही अंधश्रद्धाच.

रातवा

चिंधी, अजून एक गोष्ट करा, जी फुकट आहे. घराचा साधा नकाशा काढा, प्रती काढा. घरमालकाला विचारा कुठे काय घडतं, आणि त्याचं उत्तर एकानेच ऐकून पाकिटात बंद करावं. बाकीच्यांनी घराबद्दल काहीही न ऐकता एकेकट्याने फिरून आपापल्या नकाशावर खुणा करायच्या. मग पाकीट उघडायचं. ही पद्धत १९६० च्या दशकापासून संशोधनात वापरली गेली आहे. रिचर्ड वाइजमन यांनी एडिनबरोच्या भुयारी खोल्यांत लोकांना असंच काही न सांगता फिरवलं होतं. २००३ मध्ये छापलेला तो निबंध सांगतो, की बदनाम खोल्यांत अनुभव खरोखरच जास्त आले, पण त्यांचा संबंध खोलीचा आकार, छताची उंची आणि उजेड यांच्याशी दिसला. जुन्या वदंतेला बुड असतं, फक्त ते भुताचंच असेल असं नाही.

माध्यम सोबत घ्यायचं असेल तर त्यालाही तोच कोरा नकाशा द्या. भांडण तिथेच मिटेल, किंवा ग्रुप तिथेच फुटेल. पहिल्याच महिन्यात फुटलेला बरा.

चिंधी

सगळ्यांचे आभार. वही आणलीये. वहीवर नाव काय घालू, तेवढं सुचवा.

शंकासुर

नाव नंतर. आधी पहिल्या पानावर पंप किती वाजता सुरू होतो ते लिही.